नक्कल आणि नुकसान

सन २०१० पासून पुढची पाचसहा वर्षे हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ किंवा वसमत यांपैकी कोणत्याही बाजारपेठेत आठवडी बाजाराच्या दिवशी जो फिरला असेल, त्याला मोबाईल दुरुस्तीच्या एखाद्या अरुंद दुकानापुढे ताटकळत उभे असलेले तरुण खचितच आठवत असतील. काउंटरवर एक जुनाट संगणक, त्याच्या पडद्यावर ‘भीमगीते’, ‘लोकगीते’, ‘डीजे’, ‘जुनी हिंदी’, ‘नवे पिक्चर’ अशा नावांचे फोल्डर ओळीने मांडलेले, बाजूला कार्ड रीडर. गिऱ्हाइकाने मोबाईलमधून काढून दिलेले नखाएवढे मेमरी कार्ड त्यात खोचायचे, सांगितलेला फोल्डर उचलून त्यावर टाकायचा, आणि वीसतीस रुपये घेऊन ‘भरलेले’ कार्ड परत करायचे, असा तो सरळ रोखीचा व्यवहार होता. त्या वीसतीस रुपयांतील एक छदामही गाणाऱ्याला, गीत लिहिणाऱ्याला, वाजवणाऱ्याला किंवा चित्रपटासाठी भांडवल घालणाऱ्याला पोचत नव्हता. आणि २१ जानेवारी १९५८ रोजी, म्हणजे मराठवाडा हैदराबाद राज्यातून सुटून मुंबई राज्यात दाखल झाल्यावर अवघ्या सव्वा वर्षाने, देशभर अमलात आलेल्या १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्याच्या दृष्टीने तो दुकानदार निःसंशय गुन्हेगार होता. परंतु गुन्हा घडला एवढ्याने नुकसान किती झाले याची रुजुवात होत नाही, आणि ज्यांनी ती करून दाखवल्याचा दावा केला आहे त्यांच्या आकड्यांकडे विचारी वाचकाने जरा थांबून पाहिले पाहिजे.

आकडे पुष्कळ आहेत आणि ते मोठे आहेत. चित्रपटविषयक कायद्यात २०२३ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्या समर्थनार्थ सरकारपक्षाने चित्रपटव्यवसायाचे या चोरीपायी दरसाल सुमारे २०,००० कोटी रुपयांचे नुकसान होते असे सांगितले. पुढच्याच वर्षी ईवाय ही सल्लागार संस्था आणि इंटरनेट व मोबाईल व्यवसायाची संघटना यांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२३ या एका वर्षातील चोरट्या मनोरंजनाच्या उलाढालीचा अंदाज २२,४०० कोटी रुपये इतका दिला होता. त्यांपैकी १३,७०० कोटी चित्रपटगृहांतून उचललेल्या मालाचे आणि ८,७०० कोटी ओटीटीवरून उचललेल्या मालाचे होते. असे आकडे बनतात कसे, हे समजून घेणे अगत्याचे आहे. चोरून किती जण पाहतात याचा पाहणीवरून अंदाज करावयाचा, आणि त्याला अधिकृत दराने गुणावयाचे, अशी यांतील बहुतेक हिशेबांची मूळ रीत असते. तीत नंतर कितीही सूक्ष्म सुधारणा केल्या, तरी जो चोरून पाहतो तो चोरी अशक्य झाली असती तर पैसे देऊन पाहणारच होता, हे गृहीत त्या हिशेबाच्या पोटात कमीअधिक प्रमाणात शिल्लक राहतेच. अमेरिकेच्या संसदेच्या हाताखालील हिशेबतपासणी कार्यालयाने २०१० साली तिकडच्या अशाच सुप्रसिद्ध आकड्यांचा माग काढला, तेव्हा त्यांतील कित्येकांचा मूळ आधारच सापडत नाही, असा स्पष्ट निर्वाळा त्याला द्यावा लागला.

वसमतच्या मोंढ्यातून कोणी हळदीचे एक पोते उचलून नेले, तर नुकसानीचा पंचनामा सोपा आहे, कारण पोते मालकाकडे नाही ते चोराकडे आहे, आणि त्या दिवशीचा भाव बाजार समितीच्या फळ्यावर लिहिलेला आहे. गाण्याची नक्कल झाली, तर मूळ गाणे मालकाकडे जसेच्या तसे राहते. त्याचे जे जाते ते एक संभाव्य गिऱ्हाईक. आणि ते गिऱ्हाईक खरोखर येणार होते की नाही, हा तर्काचा विषय असल्यामुळे या प्रश्नाचे सारे बिकटपण तेथे साठले आहे. सेनगाव तालुक्यातील एखाद्या शेतमजुराच्या मुलाने २०१२ साली नवा मराठी चित्रपट कायदेशीर मार्गाने पाहावयाचे ठरवले असते, तर त्याला गावात चित्रपटगृह नसल्यामुळे हिंगोली, नांदेड किंवा परभणी गाठावी लागली असती, तिकिटाखेरीज एसटीचे भाडे आणि बुडालेली दिवसाची मजुरी सोसावी लागली असती, आणि तेथे पोचल्यावर तो चित्रपट लागलेलाच असेल याची हमी नव्हती. सीडीचे दुकान जवळ नाही, असले तरी घरी सीडी वाजवण्याचे यंत्र नाही. गाणे पैसे देऊन मोबाईलवर उतरवून घ्यावे, तर त्यासाठी लागणारे बँकेचे कार्ड नाही. ज्याच्यापुढे अधिकृत वस्तू कधी ठेवलीच गेली नाही, त्याने अनधिकृत वस्तू घेतली म्हणून अधिकृत विक्रेत्याचे पूर्ण दराचे नुकसान झाले, असे म्हणणे जमाखर्चाच्या कोणत्याही शास्त्रात बसत नाही.

याचा एक पुरावा पुढे आपोआप मिळाला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, इतर कंपन्यांनाही दर उतरवावे लागले, आणि मोबाईलवरचे इंटरनेट शेतमजुराच्या आवाक्यात आले. तेव्हापासून दोनतीन वर्षांत कार्ड भरून देण्याचा धंदा तालुक्यातालुक्यांतून मावळत गेला. तो पोलिसांच्या छाप्यांनी मावळला नाही; तो मावळला, कारण तेच गाणे आता कंपनीच्या स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर, जाहिराती सोसून, फुकट ऐकता येत होते, आणि त्या जाहिरातींचे उत्पन्न, थोडे का होईना, हक्कदाराच्या पदरात पडत होते. ज्यांना आपण इतकी वर्षे चोरीचे गिऱ्हाईक समजत होतो, त्यांच्यातील मोठा वर्ग सोयीच्या शोधात होता.

येथवर वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की, चोरीने कोणाचेच काही बिघडत नाही आणि कंपन्यांची ओरड खोटी आहे. हा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि त्याच्या समर्थनार्थ मराठीत नेहमी दिले जाणारे ‘सैराट’चे उदाहरणही मला पटत नाही. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला, थोड्याच दिवसांत त्याची प्रत इंटरनेटवर आणि पेनड्राइव्हवर फिरू लागली, आणि हे प्रकरण पोलिसांत गेले. तरीसुद्धा सुमारे ४ कोटी रुपयांत झाल्याचे सांगितल्या जाणाऱ्या या चित्रपटाने १०० कोटींच्या वर उत्पन्न मिळवले, जे त्यापूर्वी कोणत्याही मराठी चित्रपटाला साधले नव्हते. लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून तालुक्याच्या गावी गेले; काही ठिकाणी मध्यरात्रीचे आणि पहाटेचे खेळ लावावे लागले. ही हकीकत खरी आहे, परंतु तिच्यातून एवढेच सिद्ध होते की, गर्दीत बसून, शिट्ट्या मारीत, गाण्याला उठून नाचत पाहण्याचा जो आनंद त्या चित्रपटाने दिला, तो चार इंचांच्या पडद्यावर मिळण्यासारखा नव्हता. प्रत फुटली नसती तर उत्पन्न आणखी किती झाले असते, हे त्या १०० कोटींकडे पाहून कळत नाही. आणि ज्या शांत, अल्पस्वल्प भांडवलाच्या मराठी चित्रपटाला पहिल्या आठवड्यात मोजके खेळ मिळतात व त्या मोजक्या खेळांवर दुसरा आठवडा मिळणे न मिळणे अवलंबून असते, त्याला ‘सैराट’ची साक्ष लागू पडत नाही.

परदेशांतील अर्थशास्त्रज्ञांनी या विषयाची केलेली छाननी याच दिशेने जाते. फेलिक्स ओबरहोल्झर-गी आणि कोलमन स्ट्रम्फ यांनी २००७ साली संगीताच्या बाबतीत असा निष्कर्ष काढला की, फुकट उतरवून घेण्याचा विक्रीवरील परिणाम शून्यापासून वेगळा काढता येत नाही; त्यावर मोठा वाद झाला, आणि इतर अभ्यासकांना परिणाम आढळला, मात्र तो कंपन्या सांगत होत्या तेवढा नव्हता. रॉब आणि वाल्डफोगेल यांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरून केलेल्या पाहणीत फुकट घेतलेल्या दर पाच संग्रहांमागे साधारण एका संग्रहाची खरेदी कमी झाली होती. युरोपीय आयोगाने डच संस्थेकडून करवून घेतलेला, २०१५ साली पुरा झालेला आणि दोन वर्षे दप्तरात पडून राहून २०१७ साली बाहेर आलेला अहवाल मला विशेष बोलका वाटतो. पुस्तके, संगीत आणि संगणकीय खेळ यांच्या बाबतीत त्याला विक्री घटल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. पण नव्या, गाजत असलेल्या चित्रपटांच्या बाबतीत मात्र चोरून पाहिलेल्या दर १० चित्रपटांमागे अधिकृत पाहणे ४ ने घटल्याचे दिसले. अमेरिकेतील आणखी एका अभ्यासात प्रदर्शनापूर्वीच प्रत फुटली तर, ती प्रदर्शनानंतर फुटल्याच्या तुलनेत, चित्रपटगृहातील उत्पन्न सुमारे १९ टक्क्यांनी घटते असे आढळले. तात्पर्य हे की, नुकसान आहे, परंतु ते सर्वत्र सारखे पसरलेले नाही. नव्या कृतीच्या पहिल्या काही दिवसांत आणि ज्यांच्यापुढे अधिकृत वस्तू परवडण्याजोगी ठेवलेली आहे अशा वर्गात ते दाटून आलेले असते.

याहून खोल जाणारे एक संशोधन आपल्याच देशाविषयी आहे, आणि त्याची दखल मराठीत फारशी घेतली गेलेली नाही याचे मला वाईट वाटते. राहुल तेलंग आणि जोएल वाल्डफोगेल यांनी १९८५ ते २००० या काळातील हिंदी चित्रपटसृष्टीचा अभ्यास केला. हा काळ मराठवाड्यातील मध्यमवयीन माणसाला मुद्दाम सांगावा लागत नाही: गणपतीत, लग्नात, जत्रेत वर्गणी काढून रंगीत दूरदर्शनसंच आणि व्हीसीआर भाड्याने आणावयाचा, शाळेच्या पटांगणात किंवा पारावर मांडावयाचा, आणि रात्री नऊपासून उजाडेपर्यंत एकापाठोपाठ एक तीन कॅसेटी लावावयाच्या, हा त्या काळचा गावोगावचा सोहळा होता; मागाहून केबलवाल्यांनी तोच उद्योग घरोघर पोचवला. या दोघांना असे आढळले की, त्या पंधरा वर्षांत चित्रपटांचे उत्पन्न, तितक्याच तोलाच्या आधीच्या चित्रपटांच्या मानाने, तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंत घटले. आणि १९६० पासून १९८५ पर्यंत दरसाल वाढत गेलेली नव्या चित्रपटांची संख्या १९८५ नंतर ठळकपणे खाली आली. या दुसऱ्या शोधात प्रस्तुत प्रश्नाचे मर्म आहे असे मी समजतो. चोरीचा सर्वांत जड फटका ज्याची कृती चोरली गेली त्याला बसतोच असे नाही, कारण त्याची कृती निदान तयार तरी झालेली असते; तो बसतो त्याच्या मागून येणाऱ्याला, ज्याच्या संहितेवर पैसे लावावयास आता कोणी पुढे येत नाही. न झालेल्या चित्रपटाचा कोणी फिर्यादी नसतो, न लिहिलेल्या कादंबरीचा मुद्देमाल जप्त होत नाही, आणि म्हणून कोणत्याही सरकारी वा खाजगी ताळेबंदात हे नुकसान दाखल होत नाही.

मराठी पुस्तकांकडे वळले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. सामान्य मराठी पुस्तकाची आवृत्ती आजही हजाराच्या आसपास असते. किंमत ३०० रुपये आणि मानधन शेकडा १० धरले, तर आवृत्ती संपेपर्यंत लेखकाला मिळतात ३०,००० रुपये, आणि आवृत्ती संपावयास पुष्कळदा वर्षे लागतात. अशा पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सॲपच्या आणि टेलिग्रामच्या गटांतून हजारोंना गेली, आणि त्यांतील केवळ १०० जणच एरवी विकत घेणारे होते असे धरले, तरी लेखकाचे तीन हजारच बुडतात, आणि ती रक्कम ऐकून कोणी चटकन म्हणेल की, यात काय मोठेसे गेले. परंतु हजारातील शेवटच्या शंभर प्रती गोदामात पडून राहिल्या की प्रकाशक दुसरी आवृत्ती काढीत नाही, त्या लेखकाचे पुढचे हस्तलिखित परत करतो, आणि ज्यात पैसा सुरक्षित आहे अशा पाठ्यपूरक वा अनुवादित पुस्तकांकडे वळतो. इंग्रजीसारख्या अफाट बाजारपेठेत जे नुकसान मोजणीच्या चुकीत विरून जाते, तेच आपल्या लहान बाजारपेठेत पुढची आवृत्ती निघणे आणि न निघणे यांतील फरक ठरते. युरोपातील अहवालाला पुस्तकांच्या बाबतीत नुकसान दिसले नाही म्हणून मराठी पुस्तकाचेही होत नाही, असे मानता येत नाही ते यासाठी.

त्याचबरोबर, हिंगोली जिल्ह्यातील ज्या वाचकाच्या तालुक्यात ललित पुस्तकांचे एक दुकान नाही त्याला दोष देण्यापूर्वी, त्याच्या गावच्या ग्रंथालयाकडे पाहिले पाहिजे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालील ‘ड’ वर्गाचे ग्रंथालय तुटपुंज्या अनुदानावर चालते. तेथे एक प्रत आली तर ती पन्नास जण वाचतात, आणि त्या एकोणपन्नास जणांना कोणी चोर म्हणत नाही. स्पर्धापरीक्षांची तयारी करणारी मुले झेरॉक्सच्या दुकानातून प्रकरणे काढून घेतात. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी दुकानाविरुद्ध बड्या परदेशी प्रकाशकांनी लावलेल्या दाव्यात १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनासाठी केलेल्या प्रकरणांच्या संकलनाला कायद्याची मुभा असल्याचा निकाल दिला, आणि त्या निकालाने मला समाधान झाले.

आता कंपन्या आणि कलावंत हे दोन शब्द आपण येथवर एका दावणीला बांधले, ते सोडवले पाहिजेत. ‘कलावंताचे नुकसान’ या शीर्षाखाली जी रक्कम सांगितली जाते, तिच्यातील फार मोठा वाटा, चोरी मुळीच झाली नसती तरीही, कलावंताकडे गेला नसता. गीतकाराने आणि संगीतकाराने एकरकमी बिदागी घेऊन सर्व हक्क कायमचे लिहून द्यावयाचे, ही आपल्याकडची जुनी वहिवाट. लोकगायकांच्या बाबतीत तर दस्तऐवजाशिवायच हा व्यवहार होई, आणि कॅसेट लाखाने खपली तरी गाणाऱ्याच्या हाती ध्वनिमुद्रणाच्या दिवशी मिळालेले पैसेच राहत. २०१२ साली जावेद अख्तर यांच्या पुढाकाराने झालेल्या प्रतिलिप्यधिकार कायद्याच्या दुरुस्तीने चित्रपटातील शब्दांच्या आणि संगीताच्या कर्त्याला त्या कृतीच्या चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या उत्पन्नात समान वाटा दिला, आणि तो हक्क लिहून घेण्यास कंपन्यांना मनाई केली. माझ्या मते या एका दुरुस्तीने कलावंताच्या ताटात जेवढे पडू शकते, तेवढे शेकडो छाप्यांनी पडणार नाही.

छाप्यांचा कायदा मात्र कडक होत गेला. १९५७ च्या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आहेच. चित्रपटविषयक कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहात चोरून चित्रण करणाऱ्यास तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाखांपासून निर्मितिखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड ठेवला. महाराष्ट्राने २००९ मध्ये तर झोपडपट्टीदादा व हातभट्टीवाले यांच्यासाठी १९८१ साली केलेल्या स्थानबद्धतेच्या कायद्यात ‘दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती’ हा वर्ग समाविष्ट केला, म्हणजे अशा इसमास खटल्याविना वर्षभर डांबून ठेवता येईल अशी तरतूद झाली. चोरट्या सीडींचे कारखाने चालवणाऱ्या टोळ्यांवर त्याचा रोख होता हे मान्य केले, तरी व्यापारी हक्काच्या रक्षणासाठी खटल्यावाचूनची कैद हा उपाय मला अप्रमाण वाटतो.

नक्कल म्हणजे नुकसान, ही समजूतच मुळी छापखान्यानंतरची आहे. ज्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, तेथे तेराव्या शतकात वाङ्मयाची नक्कल करणे हे पुण्यकर्म होते. नामदेवांची वाणी कोणत्याही परवान्यावाचून पंजाबात पोचली, त्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट झाली, आणि आज नरसीला वारकऱ्यांच्या दिंडीबरोबर शीख यात्रेकरूही येतात. नामदेवांच्या घराण्याचा शिंप्याचा व्यवसाय होता, अभंग हे उत्पन्नाचे साधन नव्हते, म्हणून नकलेने त्यांचे काही गेले नाही. पण त्या परंपरेलाही चोरी ठाऊक होती, आणि ती प्रतीची नव्हे, नावाची चोरी होती. तुकोबांच्या अभंगांतील ‘तुका म्हणे’ काढून तेथे आपले नाव घालणारा सालोमालो महिपतींनी चरित्रात नोंदवला आहे, आणि १९३६ च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाने तो घरोघर पोचवला. अभंगाच्या शेवटी येणारी ती नाममुद्रा हीच त्या काळची कर्त्याची सनद होती, आणि ती पुसणे हाच अपहार.

आजच्या कीर्तनकाराची आणि कलापथकाच्या शाहिराची स्थिती याहून फार वेगळी नाही. त्याची उपजीविका ध्वनिफितीवर नसून सप्त्याच्या बिदागीवर आणि कार्यक्रमाच्या सुपारीवर चालते. त्याचे कीर्तन कोणी मोबाईलवर टिपले, शेकडो गटांतून पाठवले, पण नाव आणि गाव शाबूत ठेवले, तर पुढच्या वर्षी जिंतूर, पुसद किंवा वाशीमकडचे आमंत्रण त्याला त्या नकलेमुळेच येते. आणि तीच चित्रफीत दुसऱ्या कोणी आपल्या वाहिनीवर, सुरुवातीचे नाव कापून आणि कोपऱ्यात स्वतःची मुद्रा छापून चढवली, तर जाहिरातीचे चार पैसे त्या दुसऱ्याला मिळतात, आणि ऐकणाऱ्या गावाला बोलवावयाचे कोणाला हे कळत नाही. या दुसऱ्या प्रकाराबद्दल त्या कीर्तनकाराला दाद मागावयाची असेल, तर यूट्यूबकडे तक्रार नोंदवावी लागते, मूळ चित्रफीत आपली असल्याचे दाखवावे लागते, आणि त्याने स्वतः ती आधी कोठेच चढवलेली नसल्यामुळे त्याच्याजवळ दाखवण्यासारखा पुरावा बहुधा नसतो.